इतवारीतून आणलेली हँडलची खवणी आणि नाताळच्या सुट्टीतला अंदमानी रस्सा

नागपूरच्या स्वयंपाकघरात ओल्या नारळाला फारशी जागा नाही. आमच्याकडे खोबरं म्हणजे सुकं खोबरं. ते भाजायचं, खसखशीबरोबर वाटायचं आणि रश्श्यावर लाल तर्री आली की स्वयंपाक झाला. ओला नारळ टेकडी गणपतीसमोर फोडायला, ओटी भरायला, आणि प्रसादाचा उरलाच तर मुलांच्या हातावर गुळाबरोबर. त्यामुळे नारळ खवायच्या यंत्राबद्दल विदर्भातल्या बाईने काय लिहायचं, असं कुणाला वाटू शकतं. पण ही खवणी घरात येऊन वर्ष झालं, तिने एक नागपुरी उन्हाळा काढला, आणि नुकत्याच संपलेल्या नाताळच्या सुट्टीत तिच्यावर आठ माणसांचं जेवण झालं. माझं मत पक्कं झालं आहे. ज्यांनी कधी एखाद्या बेटावर किंवा समुद्रकाठी नारळाच्या दुधातलं जेवण खाल्लं असेल आणि ज्यांना ते घरी करून पाहायचं असेल, त्यांनी डबाबंद दुधावर पैसे घालायच्या आधी ही घ्यावी.

वस्तू साधी आहे. ओट्यावर चिकटून बसणारं रबराचं बूड, ते घट्ट करायला बाजूला एक खटका, वर आडवा दांडा, दांड्याच्या एका टोकाला स्टीलची चार दातेरी पाती आणि दुसऱ्या टोकाला फिरवायचं हँडल. डाव्या हाताने नारळाची वाटी पात्यांवर धरायची, उजव्या हाताने हँडल फिरवायचं. बाजारात तिला कोकोनट स्क्रेपरच म्हणतात. मला साडेपाचशेला पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुकानात चार-पाच कंपन्यांच्या होत्या आणि घडण सगळ्यांची सारखीच होती. फरक रबरात आणि दांड्याच्या जोडात असतो, त्याबद्दल पुढे सांगते.

घ्यावीशी का वाटली, तर अंदमानमुळे. गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे गेलो होतो. नागपूरहून सरळ विमान नाही, आम्ही कोलकात्यावरून गेलो. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील बेट शहीद द्वीप, पण जेट्टीवर आणि रिक्षात जुनीच नावं ऐकू येतात. हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. नागपूर ७९ रेखांशाच्या आसपास, अंदमान ९३ च्या जवळ, आणि घड्याळ दोघांचं एकच. माझी मुलगी दिवसभर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती आणि अंधार मात्र आमच्या चहाच्या वेळेलाच यायचा. त्यामुळे रात्रीची जेवणं लवकर व्हायची, आणि लांबायची.

सेल्युलर जेल बघितल्याशिवाय मराठी माणूस तिथून परतत नाही. आम्हीही गेलो. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या तुरुंगात ६९८ कोठड्या होत्या, सात पंखांपैकी आता तीन उरलेत. सावरकर तिथे १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं होते हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण तिथला कोलू समोर बघितला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की त्या कोलूत पिळलं जायचं ते खोबरं होतं. बैलाच्या जागी माणूस जुंपून रोजचं ठरलेलं तेल काढायचं. नारळाच्या सोडणाचा काथ्या कुटायचं कामही कैद्यांकडेच होतं. सासूबाई तिथे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. त्या दिवशी दुपारी बाहेर शहाळ्याच्या गाड्यावर त्यांनी शहाळं घेतलं नाही, नुसतं पाणी प्यायल्या. आम्हीही आग्रह केला नाही.

मग आम्ही नीलला गेलो. ते बेट भाजीपाल्याचं आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या बेटांवर जमिनी दिल्या गेल्या, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या तिथे वांगी, भोपळे, केळी पिकवतात. आम्ही उतरलो होतो त्या घरगुती मुक्कामात स्वयंपाक करणाऱ्या काकू बंगालीच. सकाळी त्या मागच्या अंगणात लोखंडी पात्यासमोर पाटावर बसून नारळ खवायच्या. मी शेजारी जाऊन बसायची. आमच्यात धड एक भाषा नव्हती, माझं हिंदी नागपुरी आणि त्यांचं बंगाली वळणाचं, पण काम हाताने दाखवता येतं. त्यांनी झिंगे नारळाच्या दुधात शिजवले होते. रंग फिकट पिवळा, मसाला जेमतेम, हिरव्या मिरचीचा तिखटपणा मागून येणारा. आमच्या घरात झणझणीत सावजी खाणारी माणसं आहेत. तरी त्या रात्री कुणी लोणचं मागितलं नाही.

तिथून शंख-शिंपले, पोवळ्यांचे तुकडे आणायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. विमानतळावर सामान तपासतात. मुलांनी किनाऱ्यावर गोळा केलेलं सगळं किनाऱ्यावरच ठेवलं. फोटो फोनमध्ये राहिले. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवर नॉर्थ बे बेटाचं चित्र असायचं, तशी एक नोट मुलाने जपून ठेवली आहे. पण मला हवी होती ती चव, आणि ती घरी करायची तर नारळ ताजा खवलेला हवा, हे मी काकूंजवळ बसून पाहिलेलं होतं.

आमच्याकडे विळी आहे, तिला पुढे खवणीचं चाकही आहे. पण माझे गुडघे खाली बसू देत नाहीत, आणि घरात मुलं असताना ते पातं उघडं ठेवायला मन धजत नाही. म्हणून परत आल्यावर डिसेंबरात नागपूरच्या इतवारी बाजारात गेले. हिवाळी अधिवेशन सुरू होतं, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, त्यामुळे मेट्रोने जाऊन पुढे पायी. भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी चार खवण्या काऊंटरवर चिकटवून दाखवल्या आणि म्हणाले, ताई, हँडल नका बघू, रबर बघा. मी तेच सांगते. रबर अंगठ्याने दाबून बघा, मऊ आणि जाड असलं पाहिजे. खटका दाबल्यावर खवणी दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न करा, हलली तर दुसरी मागा. आणि दांडा जिथे बुडात शिरतो तिथे बोट फिरवा. तिथे स्टीलऐवजी साधं लोखंड असेल तर सहा महिन्यांत गंज धरतो.

आता वापर. पहिली गोष्ट म्हणजे नारळ फोडण्याची पद्धत बदलावी लागते. देवळात आपटून फोडलेल्या नारळाच्या चार वेड्यावाकड्या फाका या खवणीला चालत नाहीत. तिला नीट गोल वाट्याच लागतात. नारळ डाव्या तळव्यावर घ्यायचा, डोळ्यांच्या आणि बुडाच्या बरोबर मध्ये जी काल्पनिक रेघ असते तिच्यावर कोयत्याच्या बोथट बाजूने ठोकत फिरवत जायचं. साधारण दोन फेऱ्यांत कवटीला चीर जाते. खाली पातेलं ठेवा, पाणी वाया घालवू नका. नारळ विकत घेताना हलवून पाणी वाजतं का बघा आणि तिन्ही डोळे कोरडे आहेत का बघा. डोळ्याशी ओल किंवा बुरशी असली तर आत खवट निघतो. आपल्याकडे नारळ दक्षिणेकडून ट्रकने येतो, झाडावरून उतरून बरेच दिवस झालेले असतात, म्हणून हे बघणं बेटावरच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त गरजेचं.

वाटी पात्यांवर टेकवली आणि हँडल फिरवलं की खोबऱ्याचा कीस लगेच पडायला लागतो. पांढरा, हलका, एकसारखा. मिक्सरमध्ये तुकडे फिरवून जो चुरा होतो तो याच्या जवळपासही जात नाही. मिक्सरमधला चुरा रवाळ असतो, त्यात तपकिरी सालही वाटली जाते. इथे वाटी थोडी थोडी कलती करत राहायचं, आधी मध्यभाग, मग कडा. कवटीच्या जवळ गेलं की आवाज बदलतो, खरखर सुरू होते, तिथे थांबायचं. तो शेवटचा तपकिरी थर घेतला तर दूध मळकट होतं आणि किंचित कडवटही. मध्यम नारळाची एक वाटी माझ्या हातून चहा उकळेपर्यंत होते. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिनेही केलं. बोटं वाटीच्या बाहेर राहतात आणि पाती वाटीच्या आत, त्यामुळे विळीसारखी धास्ती नाही. वाटी जवळजवळ रिकामी झाल्यावर मात्र तिच्या हातून मी घेते, कारण तेव्हा ती निसटते.

यंदा मुलाची दहावी, म्हणून नाताळात कुठे जायचं नाही असं आधीच ठरलं होतं. अमरावतीहून दीर-जाऊ आणि त्यांचा मुलगा आले. मी म्हटलं, सुट्टी घरीच तर घरी, पण जेवण नीलचं. ओट्यावर नारळांची रांग बघून सासूबाई म्हणाल्या, “अवं, एवढे नारय फोडून राह्यली, एक देवाले तरी ठेव.” एक ठेवला.

दूध काढायची गोष्ट नागपूरकरांनी नीट वाचावी, कारण इथे हवामान आड येतं. खोबऱ्याचं तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. अंदमानात हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणून काकू साध्या पाण्यात नारळ पिळायच्या आणि घट्ट दूध निघायचं. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी पारा दहा-बाराला असतो, न्हाणीघरातली तेलाची बाटली पांढरी पडते. नळाच्या गार पाण्यात नारळ वाटला तर स्निग्धांश चोथ्यालाच चिकटून बसतो आणि हाती पांचट पाणी येतं. म्हणून पाणी कोमट घ्यायचं, बोट सहज बुडवता येईल इतकं. दोन वाट्या किसाला एक वाटी पाणी, मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचं, मलमलच्या फडक्यात घालून पिळायचं. हे पहिलं दूध, साईसारखं. ते वेगळं ठेवा. त्याच चोथ्यात पुन्हा दोन वाट्या कोमट पाणी घालून दुसरं, पातळ दूध काढा. पहिल्या दुधाचं भांडं ओट्यावर तसंच राहिलं तर थंडीने वर पांढरा थर जमतो. ते नासलेलं नसतं. भांडं गरम पाण्यात धरलं की पुन्हा एकजीव होतं. जाऊबाईंनी ते ओतून द्यायला उचललं होतं, मी धावत जाऊन हातातून घेतलं.

खवणीचा खरा फायदा इथे कळतो. कीस बारीक आणि एकसारखा असल्याने पिळताना दूध भरपूर सुटतं. त्याच आकाराच्या नारळाचे तुकडे मी मिक्सरला लावून बघितले आहेत, दूध कमी येतं आणि फडक्यात जाड कण राहतात.

झिंगे इथल्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारातून आणले. समुद्राची कोळंबी बर्फात येते आणि ताजी असेलच असं नाही, त्यापेक्षा भंडाऱ्याकडच्या तलावातले झिंगे मला बरे वाटतात. आकाराने लहान पण गोड. पाठीतला काळा दोरा काढून हळद-मीठ लावलं. मोहरीच्या तेलात तमालपत्र, दालचिनी, वेलची, मग कांद्याचं वाटण आणि आलं, ते तेल सुटेपर्यंत परतलं. उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. त्यात दुसरं दूध घालून उकळी आणली, झिंगे सोडले. ते पटकन शिजतात, आकसून गोल झाले की बस. गॅस अगदी बारीक करून शेवटी पहिलं दूध. यानंतर उकळू द्यायचं नाही, नाहीतर दूध फुटतं आणि रश्श्यावर तेल-पाणी वेगळं दिसतं. सोबत चिन्नोरचा भात. त्याच्या वासापुढे दुसरा तांदूळ मी या रश्श्याला लावणार नाही, आणि नीललाही इतका सुवासिक भात मिळाला नव्हता, हे अभिमानाने सांगते.

सासऱ्यांनी पहिला घास घेऊन विचारलं, “रस्सा चांगला हाये, पण तर्री कुठी गेली?” तरी दुसऱ्यांदा भात घेतला. मुलगा म्हणाला तिथे तिखट जास्त होतं. बरोबर आहे त्याचं, तिथली मिरची लहान आणि जहाल होती, दुसऱ्या दिवशी मी मिरच्या चिरायच्याऐवजी ठेचून घातल्या. जेवताना दिरांनी बोटीत सासूबाईंना मळमळलं होतं का, असं विचारलं आणि मग हॅवलॉकची लाट, मुलीच्या पायाखालून सरकणारी वाळू, भरती-ओहोटीप्रमाणे जागा बदलणारा भरतपूरचा किनारा, सगळं ताटांवर निघालं. सासूबाईंनी स्वतःहून कोलूची गोष्ट पुतण्याला सांगितली. तो बारा वर्षांचा आहे, त्याने लगेच उठून खवणीचं हँडल दोन-चार वेळा रिकामंच फिरवलं आणि गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी मुलांनी नवा गूळ घालून ओल्या नारळाचे लाडू केले, बंगाली लोक नाडू म्हणतात ते. एका संध्याकाळी शाकाहारी जाऊबाईंसाठी भोपळा आणि वांगं त्याच रश्श्यात. भोपळ्याला नारळाचं दूध फार शोभतं, हे मी नीलवरच शिकले.

डबाबंद दुधाशी तुलना करायलाच हवी, कारण बहुतेकांचा प्रश्न तोच असतो. खोक्यातलं दूध सोयीचं आहे, फुटत नाही, कारण बऱ्याच खोक्यांत ते एकजीव राहावं म्हणून स्थिर करणारे पदार्थ घातलेले असतात. थाई पद्धतीच्या झणझणीत करीला ते चालून जातं. पण ज्या रश्श्यात मसाला कमी आणि दूधच मुख्य, तिथे त्याची चव बोथट लागते, ताज्या नारळाचा गोडवा येत नाही. सुकवलेल्या किसाचं, डेसिकेटेडचं दूध तर करूच नका. ते बिस्किटाला आणि बर्फीला ठीक.

आता उणिवा. ही खवणी गुळगुळीत ग्रॅनाइटवर घट्ट बसते, कडाप्प्याच्या ओट्यावर बसत नाही. माझ्या आईकडे कडाप्पा आहे, तिथे पृष्ठभाग ओला करूनही ती हँडलच्या पहिल्या झटक्याला सुटते. तसा ओटा असेल तर जड काचेच्या किंवा स्टीलच्या सपाट ताटावर चिकटवून ते ताट कुणाला तरी धरायला सांगावं लागतं, आणि एकट्या बाईला ते जमत नाही. अशा घरात मी ही घेऊ नका म्हणेन.

दुसरी गोष्ट, पाती सुटी होत नाहीत. पात्यांच्या मुळाशी ओला कीस अडकून बसतो आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. वापरल्या वापरल्या जुन्या टूथब्रशने गरम पाण्याखाली घासायची, पुसून कोरडी करायची. कामवाल्या ताईंच्या घासणीत टाकली तर हँडलचा जोड ढिला होतो.

तिसरी तक्रार आपल्या उन्हाळ्याची. पारा ४५ च्या वर गेला की माळ्यावरचं रबर कडक पडतं. मे महिन्यात कैऱ्यांच्या डाळीत घालायला नारळ हवा म्हणून काढली तर बूड पकड घेईना, कडेला बारीक भेगा दिसल्या. आता मी ती माळ्यावर ठेवत नाही, ओट्याखालच्या कपाटात खटका सैल सोडून ठेवते. खटका दाबलेला राहिला तर रबर ओढलेल्या अवस्थेतच वाळतं.

डावखुऱ्या माणसाला ही जरा उलटी पडते, हे दिरांनी सांगितलं. आणि फार लहान नारळाची वाटी पात्यांवर नीट बसत नाही.

मैत्रिणीकडे विजेवरची खवणी आहे. ती वेगवान आहे, लग्नकार्याच्या स्वयंपाकाला उपयोगी. पण तिच्यात कवटीजवळ कधी थांबायचं ते हाताला कळत नाही, तपकिरी थर कीसात येतो. चार ते आठ माणसांच्या घराला हाताची पुरते. वर्षातून एकदा नारळी पौर्णिमेला भात करणाऱ्यांनी यावर पैसे घालू नयेत, शेजारून मागून आणावी. आमची तर कॉलनीत फिरतेच आहे.

पिळून झालेला चोथा टाकू नका. तो तव्यावर मंद आचेवर कोरडा भाजून जवसाच्या चटणीत मिसळा, आठवडाभर टिकते. आणि खवणी घ्यायला इतवारीत गेलात तर रबराचं बूड वेगळं मिळतं का ते आधी विचारा. मला साठ रुपयांना मिळालं. मार्च लागायच्या आत एक जास्तीचं आणून ठेवणार आहे.